चार बोटांनी हुकलेला पंख

मित्रांनो, मी एक जुना स्पॉयलर आहे. स्पॉयलर म्हणजे वेगवान गाडीच्या पाठीवर, डिकीच्या वरच्या बाजूला आडवा बसवतात तो पंख. पक्ष्याचा पंख पक्ष्याला वर उचलतो. आमचं काम नेमकं उलटं. गाडी भरधाव निघाली की तिचं मागचं अंग हलकं होतं आणि वळणावर घसरू लागतं. अशा वेळी येणारा वारा आम्ही अंगावर घ्यायचा आणि गाडीला खाली दाबून धरायचं. एवढंच काम. पण तेही मला आयुष्यात एकदासुद्धा नीट करता आलं नाही, आणि ती खंत माझ्या मनातून जात नाही.

सध्या मी एका पत्र्याच्या शेडमध्ये, दाराच्या वर, दोन खिळ्यांवर टांगलेला असतो. माझ्या डाव्या टोकाला कुंभारमाशीनं मातीचं घर केलं आहे. शेजारच्या कपाटावरून एक मांजर माझ्यावर उतरतं आणि दुपारभर झोपतं. माझा रंग मूळचा हळदीसारखा पिवळाधमक होता. आता तो जुन्या कागदासारखा झाला आहे. शेडमध्ये येणारं गिऱ्हाईक कधीतरी मान वर करतं आणि विचारतं, "हा पंख सुरेख आहे, मग असा अडगळीत का?" त्यावर शेडची मालकीण मान वर न करता हातातलं काम तेवढं जोरात करू लागते.

या मालकिणीच्या वडिलांनी मला घडवलं. ते साचेकार होते. काचेच्या धाग्यांची चटई साच्यात अंथरायची, तिच्यावर राळ ओतायची आणि वाळली की कडक वस्तू बाहेर काढायची, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा उद्योग. त्यांनी बसच्या सीटा केल्या, बागेतल्या घसरगुंड्या केल्या. तुम्ही लहानपणी एखाद्या घसरगुंडीवरून सुळकन खाली आला असाल आणि पँट कुठेही अडकली नसेल, तर असाच कुणीतरी साचेकार तिच्यामागे असतो. पण त्यांचा जीव खरा होड्यांत. लहान, निमुळत्या, दोन माणसांच्या होड्या ते करायचे. होडी झाली की डोळे मिटून तिच्या अंगावरून तळहात फिरवायचे. तांदळाएवढा उंचवटा लागला तरी पुन्हा घासायला घ्यायचे.

मग त्यांचे हात थरथरू लागले. आधी चहाच्या कपात, मग सहीत, मग ब्रशाच्या टोकाशी. डॉक्टरांनी सांगितलं की हे थांबणार नाही, हळूहळू वाढतच जाईल. त्यांनी साचे झाकून ठेवले आणि ते शेडच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच बोलत, रेडिओवर चिडत, जेवणात खोड काढत. त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. त्या म्हणायच्या, "अहो, आमटीला साचा नसतो. ती जशी होते तशीच खायची!"

त्यांच्या मुलीला गाड्यांचं वेड होतं. तिनं एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्‌स कार भंगारातून उचलून आणली होती आणि ठोकेकाकांच्या मदतीनं उभी केली होती. ठोकेकाका म्हणजे शेजारच्या गाळ्यात गाड्यांचे पोचे काढणारे गृहस्थ. दिवसभर हातोडी चालवून त्यांचे कान जरा जड झाले होते, त्यामुळे कुजबुजसुद्धा ते ओरडूनच करायचे. मुलगी त्या गाडीतून शर्यतीत उतरायची. शहराबाहेर बंद पडलेली एक धावपट्टी होती, तिच्याभोवती वळणं आखून शर्यती होत. गाडी सरळ रस्त्यावर छान पळायची. पण धावपट्टीच्या टोकाला एक लांबलचक डावं वळण होतं, त्याला सगळे मोठं वळण म्हणत. तिथे तिचं मागचं अंग सुटायचं आणि मुलीला वेग कमी करावा लागायचा.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मागे स्पॉयलर लावल्याशिवाय काही खरं नाही. कुठला घ्यावा तेच कळत नाही."

साचेकारांनी ताटातून मान वर केली. "घ्यायचा कशाला? मी करतो."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "करा ना बाबा. तुमच्यासारखा कोण करणार?" ती मनापासूनच म्हणाली. त्या वेळी तिच्या बोलण्यात खोट नव्हती.

मला घडायला दोन महिने लागले, मित्रांनो. पूर्वीच्या हातांना हे काम आठवड्याचं. सकाळी हात जरा बरे असायचे, म्हणून साचेकार सकाळीच कामाला लागायचे. थरथर थांबावी म्हणून उजवा हात डाव्या हातानं धरायचे आणि दोन्ही हात मिळून एक ब्रश चालवायचे. राळेत एक बुडबुडा राहिला म्हणून पहिला पंख त्यांनी मोडला. दुसऱ्यात एक बाजू केसभर जाड झाली, तोही मोडला. बाई म्हणाल्या, "दोन महिने झाले. घरात कुणी बाळंत व्हायचंय की काय?" पण त्या हसत होत्या. कारण माणूस पुन्हा शीळ घालू लागला होता. आमटीबद्दलची तक्रारही बंद झाली होती.

माझा घाट ठरवताना त्यांनी होडी डोळ्यांसमोर ठेवली. गाडीचं छप्पर मागे उतरतं, मग मागची काच उतरते, मग डिकी येते. ती सगळी उताराची रेघ न तुटता माझ्यात यावी, म्हणून त्यांनी मला अगदी बुटके पाय दिले. पाणी होडीच्या अंगाला चिकटून वाहतं. वाराही गाडीच्या अंगाला तसाच चिकटून येईल आणि बरोबर माझ्यावर पडेल, असा त्यांचा हिशेब होता. जन्मभर पाण्याशी ज्याचा संबंध आला, त्या माणसाचा हिशेब असाच होणार. त्यात त्यांचा दोष नव्हता.

मी तयार झालो तेव्हा शेडमध्ये बघ्यांची रीघ लागली. चहावाला आला, गाळ्यांतले कारागीर आले. सगळे म्हणाले, "काय देखणा झालाय!" साचेकारांनी डोळे मिटून माझ्या पाठीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. मग म्हणाले, "हे माझं शेवटचं काम. आता यापुढे हात चालतील असं वाटत नाही. पण हे काम नीट झालं पाहिजे. देखणं नसलं तरी चालेल, नीट झालं पाहिजे."

मी मात्र 'देखणा' एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून माझं डोकं जरा फिरलंच.

निवडीसाठी आणखी दोघे उमेदवार होते. एक दुकानातून पाहायला म्हणून आणलेला काळा, उंच पायांचा पंख. तो डिकीवर बसेचना, म्हणून पहिल्याच दिवशी परत गेला. दुसरी होती पट्टी. तिच्याबद्दल मी काय सांगू! ठोकेकाकांनी एका दुपारी पत्रा कापला, काठ वाकवला, आठ स्क्रू मारायला भोकं पाडली आणि म्हणाले, "ही डिकीच्या काठावर उभी ठोकायची." वीतभर उंचीचीही नव्हती. रंग नाही, घाट नाही, स्वयंपाकघरातलं फडताळ मोडून आणल्यासारखी दिसायची. मी तिच्याकडे बघून नाक मुरडायचो. तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, तरी मी तिला मनातल्या मनात खूप नावं ठेवली.

आता दोघांत निवड कशी करायची? मुलीची एक रीत होती. लोकरीचे बोटभर लांब तुकडे करायचे आणि गाडीच्या मागच्या काचेवर, डिकीवर, पंखावर चिकटपट्टीनं ओळीत चिकटवायचे. मग गाडी पळवायची. वारा जिथे नीट वाहतो तिथे लोकर मागे सरळ ताठ राहते. वारा जिथे पृष्ठभाग सोडून उडून जातो तिथे ती गोल गोल फिरते, नाहीतर मेल्यासारखी लोंबते. वारा दिसत नाही, पण लोकर दिसते. बाईंनी स्वेटरसाठी आणलेल्या लाल गुंड्यातून लोकर तोडून दिली आणि म्हणाल्या, "माणसांच्या आधी गाडीला स्वेटर! चालू द्या."

निघायच्या वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना तुम्हीपण."

साचेकारांनी मान हलवली. "मी नको. मी समोर असलो की तुमच्या तोंडातून खरं निघणार नाही. तुम्ही मोकळेपणी बघा. आणि आल्यावर लोकर काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगा. चुकलं असेल तर शर्यतीपर्यंत अजून बारा दिवस आहेत हातात."

मित्रांनो, ते काय बोलून गेले ते नीट लक्षात ठेवा.

धावपट्टीवर ठोकेकाका गाडी चालवू लागले. बाजूनं बाई व्हॅन चालवत होत्या आणि मुलगी खिडकीतून आमच्याकडे बघत, मांडीवरच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं बाण काढत होती. आधी पट्टीची पाळी झाली. मग मला बसवलं. वेग वाढला, इंजिन ओरडू लागलं, आणि मी वाऱ्याची वाट बघू लागलो. वारा आलाच नाही. काचेच्या मध्यावर आला आणि तिथूनच गाडी सोडून वर निघून गेला. माझ्या डोक्यावरून तो घोंघावत जाताना मला ऐकू येत होता. माझ्याजवळ नुसती कोंदट गिरकी होती. माझ्या पाठीवरचे लाल धागे लोंबत होते. मला वाटलं, वारा असाच असतो बहुतेक. मी कुठे पूर्वी पाहिला होता!

गाड्या थांबल्या. ठोकेकाका उतरले आणि त्यांच्या मते हळूच म्हणाले, "पट्टीच्या वेळी मागचं अंग खिळल्यासारखं होतं. हा बसवला काय, न बसवला काय, एकच!"

मुलगी वहीकडे बघत राहिली. पट्टीच्या पानावर, डिकीच्या अगदी काठाशी, जिथे उडालेला वारा पुन्हा खाली टेकतो, तिथे सगळे बाण सरळ होते. माझ्या पानावर नुसती भेंडोळी.

"दोन महिने," ती म्हणाली. "आई, दोन महिने हात धरून धरून केलंय त्यांनी. हे शेवटचं आहे म्हणाले. कसं सांगू मी?"

बाई व्हॅनला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कालच मला म्हणत होते, पुन्हा माणसात आल्यासारखं वाटतंय."

"मोठ्या वळणावर मी पूर्वीसारखाच ॲक्सिलरेटरवरून पाय काढेन," मुलगी म्हणाली. "वेग कमी केला की काही होत नाही. नंबर नाही आला तर नाही आला. काका, तुम्ही काही बोलायचं नाही."

"मला खोटं बोलता येत नाही," ठोकेकाका म्हणाले.

"मग बोलूच नका."

आम्ही परत आलो तेव्हा साचेकार दारातच उभे होते. "काय म्हणाली लोकर?"

"सरळ होती बाबा," मुलगी म्हणाली. "एकदम सरळ."

ठोकेकाका आपल्या गाळ्यात निघून गेले आणि उगाच एका धडधाकट दारावर हातोडी मारत बसले. बाई आत जाऊन कोरडी भांडी पुसू लागल्या. घरात खरं माहीत नसलेला माणूस एकच होता, आणि नेमका त्यालाच ते हवं होतं. साचेकारांनी त्या दिवशी दोनदा भात घेतला. पट्टी कपाटामागे गेली. मी गाडीवर चढलो आणि सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. मला माहीत होतं की मला वारा लागला नाही. तरीही निवड माझी झाली, यातच मला सगळं काही मिळालं होतं.

शर्यतीच्या दिवशी साचेकारांनी इस्त्रीचा सदरा घातला. घडीची खुर्ची घेऊन ते मोठ्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जाळीमागे जाऊन बसले. तिथून मी सगळ्यांत चांगला दिसेन असं त्यांना वाटलं. शर्यत दोन टप्प्यांत होती. पहिल्या टप्प्यात मुलीनं ठरवल्याप्रमाणे केलं. मोठं वळण आलं की पाय काढायचा, गाडी सांभाळून वळवायची, मग पुन्हा पळवायची. ती पाचवी आली.

मधल्या सुट्टीत साचेकार काठी टेकत टेकत गाडीजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"प्रत्येक वेळी त्या वळणावर पाय काढतेस तू. मी ऐकत होतो, इंजिनाचा आवाज पडतो. का गं?"

"सवय आहे बाबा."

"मागे पंख आहे ना आता? का भरवसा नाही माझ्या कामावर?" त्यांनी हसून विचारलं. पण त्यांचे हात काठीवर थरथरत होते, आणि ते थांबवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

त्याच वेळी सांगता आलं असतं. आजूबाजूला गडबड होती, पण दोन वाक्यांना जागा होती. बाई तिथेच पाण्याची बाटली धरून उभ्या होत्या. ठोकेकाका चाकांची हवा बघत होते. कुणीच काही बोललं नाही. मुलीनं शिरस्त्राण चढवलं आणि म्हणाली, "आहे ना बाबा. आता बघा."

दुसऱ्या टप्प्यात मोठं वळण आलं. जाळीमागे इस्त्रीचा सदरा दिसला, वर केलेला हात दिसला. तिनं पाय काढला नाही.

गाडीचं मागचं अंग उचललं गेलं ते मला कळलं. हाच माझा क्षण होता, यासाठीच मी जन्माला आलो होतो. दाबायचं, जीव खाऊन खाली दाबायचं! पण दाबायला वारा लागतो, आणि वारा माझ्या डोक्यावरून जात होता. मी नुसताच बसून होतो. गाडी एकदा गरकन फिरली, दुसऱ्यांदा फिरली आणि पाठीकडून टायरांच्या भिंतीवर आदळली. माझा एक बुटका पाय तुटला. पाठीत उभी भेग गेली. मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं. जाळीमागची खुर्ची उलटी पडली होती आणि साचेकार जाळीला धरून तिच्या नावानं हाका मारत होते.

खांदा सहा आठवड्यांत भरून येईल असं डॉक्टर म्हणाले. तिचा जीव वाचला, तेवढं मोठं पाप तरी माझ्या पदरी आलं नाही.

पुढचे आठ दिवस मात्र मला विसरता येत नाहीत. साचेकारांनी मला शेडमधल्या टेबलावर ठेवलं होतं. सकाळपासून ते माझ्यापाशी बसायचे. डोळे मिटून पाठीवरून हात फिरवायचे, पुन्हा फिरवायचे. "कुठेतरी उंचवटा राहिलाय," स्वतःशीच म्हणायचे. "माझा हात हलला असणार. मलाच कळलं नाही. माझ्या हातानं पोरीला..." आणि पुढे बोलायचे नाहीत. जेवायला बोलावलं तर यायचे नाहीत. आमटीला नावंसुद्धा ठेवत नव्हते.

आठव्या दिवशी मुलगी शेडमध्ये आली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात ती चौकटीची वही. तिनं वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

साचेकारांनी आधी पट्टीचं पान पाहिलं. मग माझं. मग तारीख पाहिली. बराच वेळ ते पेन्सिलीच्या त्या भेंडोळ्यांवर बोट ठेवून होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. मला उचलून त्यांनी गाडीच्या चेपलेल्या डिकीवर धरलं, मागच्या काचेकडे बघितलं, आणि माझ्या पायाखाली उजव्या हाताची चार बोटं आडवी घातली.

"एवढंच," ते म्हणाले. "चार बोटं. वारा काचेवरून उडतोय, तो इथून जातोय. पंख चार बोटं वर पाहिजे होता. नुसते पाय उंच करायचे. दोन दिवसांचं काम. माझ्यासारख्याला चार दिवसांचं."

मुलगी रडू लागली. "मला वाटलं, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तुमचे हात, बाबा... मला वाटलं तुम्ही खचाल."

"हात थरथरतात गं," साचेकार म्हणाले. "अक्कल नाही थरथरत. तू माझे हात बघितलेस आणि मला विचारायचंच सोडून दिलंस."

"चुकलं माझं."

"बारा दिवस होते आपल्याकडे." त्यांनी वही मिटली. "माझं काम चुकलं याचं मला काही नाही. जन्मभर चुकलंय आणि जन्मभर दुरुस्त केलंय. या वेळी दुरुस्त करू दिलं नाहीस."

बाई दारात उभ्या होत्या, त्या पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

दुसऱ्या सकाळी साचेकार पुन्हा कामाला बसले. माझी भेग त्यांनी भरली. आज तुम्ही शोधूनही ती सापडणार नाही. मग पाय करायला घेतले, चार बोटं उंच, आतून भरीव. अपघातानंतर हात आणखीच बिघडले होते, त्यामुळे पहिल्या पायालाच अकरा दिवस लागले. तो इतका सुरेख झाला की ठोकेकाका कुजबुजून "वा!" म्हणाले आणि दारात बसलेलं एक मांजर पळालं. दुसऱ्या पायाचा ठोकळा कापून झाला. कानस लावून एक बाजू उतरवून झाली. आणि मग हात ऐकेनासे झाले. कानस धरली की गळून पडायची.

"बाबा, मी घासते उरलेलं," मुलगी म्हणाली.

"थांब जरा. होईल माझ्याच्यानं. उद्या बघू."

तो उद्या आला नाही. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

त्यानंतर गाडीवर पट्टी बसली. तिनं मोठं वळण मुकाट्यानं सांभाळलं, वर्षानुवर्षं, कुणी देखणी म्हटलं नाही तरी. तिचा मी दुस्वास केला, त्याची मला आज लाज वाटते. मुलीनं पुढे शर्यत सोडली आणि ती याच शेडमध्ये लोकांच्या गाड्यांसाठी पंख करू लागली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. ती फार फटकळ आहे असं लोक म्हणतात. कुणी हौसेनं पंख घेऊन आला की ती आधी लोकर चिकटवते, गाडी पळवायला लावते आणि लोंबली तर तोंडावर सांगते, "हा चालणार नाही. का चालणार नाही ते बसून बघू." गिऱ्हाईक रुसतं, पण पुन्हा येतं.

एवढी ती खरं बोलणारी झाली, मित्रांनो, पण माझ्या बाबतीत तिचं अजून तेच चाललं आहे. माझ्या शेजारच्या त्याच कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात ते दोन पाय आहेत, एक पुरा आणि एक अर्धा. वर्षातून एखाद्या वेळी ती डबा उघडते, अर्धा पाय हातात घेते, बाबांच्या कानशीच्या रेघांवरून अंगठा फिरवते आणि परत ठेवून देते. त्यावर दुसऱ्याचा हात पडला तर बाबांचं काम बिघडेल, असं तिला वाटतं. तेव्हा त्यांच्या मनाला जपलं, आता त्यांच्या ठोकळ्याला जपते. आणि जे नीट व्हावं म्हणून त्यांनी अखेरपर्यंत हात झिजवले, ते तसंच अपुरं पडून आहे.

मी हे तिला रोज सांगतो. तिला ऐकू येत नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. म्हणून माझं एवढं काम करा. तुमच्यासाठी कुणी जीव ओतून काही केलं आणि विचारलं, "कसं झालंय?" तर ज्याला दुरुस्त करायची उमेद आहे त्याला ती करू द्या. हातात बारा दिवस आहेत तोवरच बोला. आणि कधी एखाद्या शेडच्या दारावर फिका पिवळा पंख टांगलेला दिसला, तर आत जा. तिथल्या पांढऱ्या केसांच्या मालकिणीला म्हणा, "डबा उघडा. उरलेली बाजू तुम्ही घासा. ते रागावणार नाहीत." मग मला खाली काढा, कुंभारमाशीला दुसरी जागा द्या, माझ्या पाठीवर लाल लोकरीचा एक तुकडा चिकटवा आणि मला एकदा, एकदाच, पळणाऱ्या गाडीवर चार बोटं वर बसवा. चार बोटं वर लोकर काय म्हणते ते बाबांना अजून कुणी सांगितलेलं नाही.